याकोबमास्तरांची लाल पेन्सिल

आमच्या आळीत कुणाच्या घरी मयत झालं आणि तिसऱ्या दिवशी याकोबमास्तर आले नाहीत, असं कधी घडलं नाही. पांढरा शर्ट, काळी छत्री, काखेत शास्त्राचं जाड पुस्तक. घर हिंदूचं असो की मुसलमानाचं, मास्तर येणारच. आमच्याकडे आले तर नुसते बसायचे, चहा नको म्हणायचे, हात जोडून निघून जायचे. पण त्यांच्या ख्रिस्ती माणसांच्या घरी गेले की पुस्तक उघडायचे. आणि मास्तरांनी पुस्तक उघडलं की समजावं, आता ह्या घरातल्या माणसाचं काही खरं नाही.

मी गोदूबाई. मास्तरांच्या घराला लागून माझं घर. मध्ये चिऱ्यांचा गडगा आणि गडग्याला टेकून माझा माड. माझ्या तोंडाला सगळी आळी घाबरते, खोटं कशाला बोलू? पण ज्या दिवशी हे तोंड उघडायला हवं होतं, त्या दिवशी मी ते मिटून बसले. एक दिवस नाही, चांगली सहा वर्षं. तेच सांगायचंय.

मास्तर म्हणजे शाळामास्तर. रत्नागिरीतल्या प्राथमिक शाळेत पस्तीस वर्षं घासून रिटायर झालेले. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून घर ख्रिस्ती. प्रार्थनेला येणारी घरं सगळी मिळून अकरा, आणि त्या अकरा घरांचे मास्तर वडीलधारे. माणूस लबाड नव्हता हो. उलट अतिच सरळ. देव म्हणजे त्यांच्या लेखी मोठा हेडमास्तर. चुकलास तर छडी, नीट वागलास तर पाठीवर हात. छडी बसली ना, मग चूक शोध. ती कुठेतरी असणारच. स्वतःला मूल झालं नाही, तर त्याचंही कारण त्यांनी शोधून ठेवलं होतं. तरुणपणी बापाला उलट बोललो होतो, म्हणायचे. एस्तेरवहिनी बाजूला बसून तांदूळ निवडत असायची. ती काही बोलायची नाही.

आमच्या दोघींच्या दारात मासळी घेऊन यायची तुळसा. खारव्याची बाई, विधवा. तिचा नवरा कधीकाळी मिशनच्या दवाखान्यात मरता मरता वाचला आणि ख्रिस्ती झाला, त्याच्यामागून ही. नाव मात्र तुळसाच राहिलं. पहिल्यांदा प्रार्थनेला गेली तेव्हाची गंमत वहिनीनंच मला सांगितलेली. आमच्यात देवापुढे गाऱ्हाणं घालतात ना, गावातला जाणता उभा राहतो, सगळ्यांची दुखणीखुपणी देवाच्या कानावर घालतो, आणि तो थांबला की सगळे एका सुरात म्हणतात, "होय महाराजा!" तर तिकडे मास्तरांची प्रार्थना संपली आणि तुळसा सवयीनं खणखणीत ओरडली, "होय महाराजा!" सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "तुळसा, इथे आमेन म्हणतात. हे देवाचं घर आहे, गावकीचं देऊळ नव्हे." त्यानंतर ती बाई प्रार्थनेत नुसते ओठ हलवायची.

अठ्ठ्याण्णव साली, कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तेव्हा मास्तरांना कावीळ झाली. साधीसुधी नाही. डोळे, नखं, अंथरुणाची चादर, सगळं हळदीचं. महिना झाला तरी उतार नाही. डॉक्टर नीट बोलेनात. वहिनीनं गुडघे सुजेस्तोवर प्रार्थना केली. आणि शिमगा आला. ग्रामदेवाची, भैरीची, पालखी वाड्यावाड्यांतून फिरायला लागली.

एका दुपारी वहिनी गडग्यापाशी आली.

"गोदूताई, एक नारळ देता?"

"चटणीला?" मी विचारलं.

खाली मान घालून रडायला लागली. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. जिच्या नवऱ्यानं आपल्या माणसांना शिकवलं की पालखीकडे बघूसुद्धा नका, तिला पालखीत नवऱ्यासाठी नारळ ठेवायचा होता!

तुळसा तेव्हा माझ्याच पायरीवर पाटी ठेवून बसली होती. तिनं ऐकलं. उठली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "द्या माझ्याकडे. पालखी आमच्या वाडीत येते. मी ठेवते. कुणाचा ते देवाला सांगेन. माणसाला सांगायची नाय." मी माडाखालचा एक चांगला नारळ उचलून दिला. तिघींनी एकमेकींच्या हातावर हात ठेवले. अकरा घरांतल्या कुणीतरी तुळसाला नारळ ठेवताना पाहिलं आणि मास्तरांच्या कानावर घातलं, ते आम्हांला नंतर कळलं.

मास्तर बरे झाले. डॉक्टरच्या औषधानं, वहिनीच्या प्रार्थनेनं की माझ्या नारळानं, ते मला विचारू नका.

त्याच वर्षी सप्टेंबरात तुळसाचा बाळा गेला. बावीस वर्षांचा पोरगा, फारुकभाईंच्या लाँचवर खलाशी. आभाळ साफ होतं म्हणतात, अचानक वारा उठला, दोघे पाण्यात पडले. एकाला ओढून काढला. बाळा तिसऱ्या दिवशी पूर्णगडच्या बाजूला लागला. फारुकभाई तुळसाच्या दारात जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले.

पुरल्याच्या तिसऱ्या दिवशी मास्तर गेले. मी आणि वहिनी बरोबर होतो. अकरा घरांतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. मास्तरांनी पुस्तक उघडलं. आवाज काय होता हो त्या माणसाचा! गंभीर, स्वच्छ, एकेक शब्द न्यारा. देव उगाच कुणाला मारत नाही, निर्दोष माणसाला तो सांभाळतो, म्हणून माणसानं आपल्याच आत पाहावं, असं काहीबाही त्यांनी वाचलं. ऐकायला गोड. मग पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "तुळसा, आठव. शिमग्यात पालखीत नारळ कुणी ठेवला?"

तुळसानं मान वर केली. माझ्याकडे पाहिलं नाही, मास्तरांकडे पाहिलं नाही. वहिनीकडे पाहिलं. वहिनीची नजर जमिनीवर, ओठ पांढरे. मला वाटलं ही आता बोलेल. नाही बोलली. मी बोलायला हवं होतं. मी, जी पाव आण्याच्या कोथिंबिरीवरून बाजार डोक्यावर घेते ती! माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"मी ठेवला," तुळसा म्हणाली.

"मग देवाला दोष देऊ नकोस," मास्तर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. हेच मला सहन होत नाही. दुष्टपणानं बोलले असते तर मी तिथेच त्यांना सोलून काढलं असतं. पण ते औषध दिल्यासारखं बोलले, कडू आहे पण गुण येईल, अशा भावानं. तुळसा महिन्याभरात घर बंद करून पूर्णगडला भावाकडे निघून गेली. पुन्हा कधी प्रार्थनेला आली नाही.

त्या दिवसापासून एस्तेरवहिनी आतून वाळत गेली. मासळी खाणं सोडलं. मास्तरांना वाटलं तिनं व्रत धरलंय, त्यांना कौतुक. दोन हजार दोन साली पोटाच्या आजारानं अंथरूण धरलं ते धरलंच. एकदा मास्तर औषध आणायला गेले होते, तेव्हा माझं मनगट पकडून म्हणाली, "मी गेल्यावर त्यांना सांगा, गोदूताई. तुळसावरचा आळ उतरवा. माझ्यात हिंमत नाही." मी म्हटलं, सांगते. ती गेली. आणि मी सांगितलं नाही. आज नको, दुःख ताजं आहे. उद्या नको, ताप आहे. असं करत करत दोन वर्षं.

वहिनीच्या तिसऱ्या दिवशी मास्तरांच्याच घरी माणसं जमली. आता पुस्तक कुणी वाचायचं? मास्तरांच्या हाताखाली तयार झालेला एक तरणा माणूस उभा राहिला. तीच पानं, तोच आवाज, तसाच शब्द न्यारा. आणि वाचून झाल्यावर अगदी अदबीनं म्हणाला, "मास्तर, तुम्हीच शिकवलंत. आठवून बघा." मास्तरांनी शहाण्या विद्यार्थ्यासारखी मान हलवली.

आणि खरंच आठवायला बसले की हो! शाळेची जुनी वही घेतली आणि लिहीत सुटले. काय काय चुकलं आयुष्यात. सकाळी गडग्यापाशी येऊन मला विचारायचे.

"गोदूबाई, एकाहत्तर साली मी रघू नावाच्या पोराला छडी मारली. पाटी त्यानं फोडली नव्हती. त्यामुळे असेल?"

"अहो, त्या रघूची पोरं आता कॉलेजात असतील! देवाला दुसरे उद्योग नाहीत?"

"मग शाळेचा खडू घरी आणायचो, ते?"

"कपाळ माझं! खडूसाठी बायको नेतो होय कुणी?"

ते हसायचे नाहीत. मान खाली घालून परत आत. हळूहळू अकरा घरांची माणसं यायची बंद झाली. ज्याच्या घरात न सापडलेलं पाप आहे त्याच्याकडे किती वेळ बसणार? मास्तर दारात खुर्ची टाकून बसायचे आणि संध्याकाळी चार वाजले की उठून आत जायचे, चहा ठेवायचे, दोन कप. एक पिऊन व्हायचा, एक माझ्या माडाच्या बुडात ओतला जायचा. मी पाहायची आणि पाहिलं नाही असं करायची. मी कालवण पाठवलं की भांडं घासून परत यायचं, पण माणूस चार शब्द बोलायचा नाही. फार एकटा पडला होता तो. आणि मला ठाऊक होतं की तो जे शोधतोय ते माझ्या पोटात आहे. सांगावं तर हा म्हणणार, म्हणजे नारळामुळेच एस्तेर गेली. न सांगावं तर तुळसा तिकडे जळतेय. माझा जीव दोन्हीकडून कात्रीत.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात एका सकाळी मास्तरांनी हाक मारली. आवाज वेगळाच. गेले तर पुस्तक मांडीवर.

"बसा गोदूबाई. एक गोष्ट सांगतो. एक माणूस होता, भला. गुरं, शेतं, दहा मुलं. एका दिवसात सगळं गेलं. अंगभर फोड आले. राखेत जाऊन बसला. मित्र आले. सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले."

"चांगले मित्र."

"तेवढेच सात दिवस चांगले. मग बोलायला लागले. तू काहीतरी केलं असशील, आठव, देव अन्याय करत नाही. हा म्हणतो, मी काही केलेलं नाही. देवाशी भांडतो. ते त्याला गप्प करतात." मास्तरांनी पानं उलटून दाखवली. ठिकठिकाणी लाल पेन्सिलीच्या रेघा. "मयताच्या घरी मी जे वाचायचो, त्याच्या ह्या खुणा. भाषा फार सुंदर आहे म्हणून निवडलेल्या. चाळीस वर्षांच्या. काल पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाचलं. कोण बोलतंय ते बघत."

"मग?"

"एकूण एक रेघ त्या मित्रांच्या तोंडची आहे, गोदूबाई. एक रेघसुद्धा त्या माणसाच्या बोलण्याखाली नाही. आणि शेवटी देव त्या मित्रांना म्हणतो, तुम्ही माझ्याविषयी खोटं बोललात. हा भांडला, पण हा खरं बोलला."

मला आधी हसू आलं. "म्हणजे मास्तर, तुम्ही पोरांना धडा समजावून सांगायचा सोडून..." त्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

"त्या माणसाला देवानं कारण काय सांगितलं मग?" मी विचारलं.

"नाही सांगितलं. शेवटपर्यंत नाही. समुद्राला दार कुणी लावलं, वारा कुठून सुटतो, तुला माहीत आहे का, एवढंच विचारलं."

"हे काय उत्तर झालं?"

"नाहीच," मास्तर म्हणाले. "पण देव आला बोलायला. आधी मित्रांशी नाही, त्याच्याशी बोलला." मग म्हणाले, "देव त्या मित्रांना सांगतो, ज्याला दुखवलंत त्याच्याकडे जा. तो तुमच्यासाठी मागेल, मी त्याचं ऐकेन. तुमचं नाही. मला पूर्णगडला जायचंय. तुम्ही याल? एकट्यानं दारात उभं राहायची छाती नाही."

सकाळच्या एसटीनं गेलो. वाटभर मास्तर ओठांतल्या ओठांत काही जुळवत होते आणि मी देवाला म्हणत होते, मेल्या माझ्या जिभेला आज तरी सोडव. 

तुळसा अंगणात सुकट उलटी करत होती. केस पुरे पांढरे. आम्हांला पाहून उठली नाही. "बसा" म्हणाली नाही, "जा" म्हणाली नाही. हात चालूच. मास्तर उन्हात उभेच राहिले, छत्री मिटलेली.

"तुळसा, माणसांसमोर बोललो होतो, माणसांसमोरच परत घेईन. येत्या रविवारी. पण आधी तुझ्यासमोर. तुझ्या नारळाचा आणि बाळाचा काही संबंध नव्हता. मी देवाच्या नावानं खोटं बोललो."

तुळसाचे हात थांबले. "नारळ ठेवला होता मी, मास्तर," ती म्हणाली. बस्स, तेवढंच. अजूनही! त्या बाईनं पोटचा पोर गेला तरी शब्द मोडला नाही, वहिनी मातीत गेली तरी मोडला नाही.

"तो नारळ माझ्या माडाचा!" मी ओरडलेच. तुळसानं हात वर केला, नको नको म्हणून. मी थांबते कसली आता. "माझ्या माडाचा, मास्तर. एस्तेरवहिनीनं मागून नेला. तुमची कावीळ उतरेना म्हणून. तुळसानं नुसता पोचवला. त्या दिवशी आम्ही तिघी त्या घरात होतो आणि तिघी गप्प बसलो. वहिनीनं मरताना मला सांगायला सांगितलं होतं. मीच शेण खाल्लं."

मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, म्हणूनच गेली ती. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मास्तर हळूच खाली बसले, अंगणातच, सुकटीच्या चटईशेजारी, धुळीत. पांढऱ्या शर्टासकट.

"मला का नाही सांगितलं तिनं?" ते म्हणाले. आणि जरा वेळानं, स्वतःशीच, "मला कसं सांगणार? चाळीस वर्षं एका घरात राहिलो आणि माझ्यासाठी देवाकडे जायला तिला शेजारणीकडून नारळ मागावा लागला. लपून. आणि मी तिच्या ताटात मासा नाही म्हणून कौतुक करत होतो." मग रडले. आवाज न करता रडायचं त्यांना जमत नव्हतं. शिकलेच नव्हते कधी.

तुळसा बघत होती. मग उठली आणि त्यांच्याजवळ येऊन बसली. काही बोलली नाही. मीही टेकले. किती वेळ गेला कोण जाणे. कावळे सुकटीवर उतरले तरी तिनं हाकलले नाहीत.

शेवटी मास्तर म्हणाले, "तुळसा, माझ्यासाठी माग. माझं तो ऐकायचा नाही."

"माझ्यानं नाय व्हायचं," ती म्हणाली. "बाळा गेला तेवापासून मी त्याच्याशी बोलले नाय. आणि तुमच्यासारखं मला मागता येत नाय. मला आमच्या बापाचं गाऱ्हाणं तेवढं येतं."

"मग गाऱ्हाणं घाल," मास्तर म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, थट्टा तर नाही ना म्हणून. मग पदर डोक्यावर घेतला, समुद्राकडे तोंड केलं आणि हात जोडले.

"बा महाराजा," ती म्हणाली, "मी तुळसा. सहा वर्सं तुझ्यावर रुसलेली. माझा बाळा नेलास. का नेलास ते सांगितलं नायस. ह्या मास्तरांची बाय नेलीस, तिचं पण सांगितलं नायस. तुझं तुला ठाऊक. आम्ही इचारलं म्हणून रागावू नको. पोर नेल्यावर आई इचारणारच. ह्या माणसानं मला दुखवलं, त्याचं मी सोडलं, तू पण सोड. त्याच्या घरात आता कोण नाय. माझ्या घरात पण नाय. तर तू जरा जवळ ये, महाराजा."

ती थांबली. गाऱ्हाण्यात अशा जागी माणसांनी साथ द्यायची असते. अंगणात आम्ही दोघंच. मी तोंड उघडणार, इतक्यात माझ्या शेजारून आवाज आला, मयताच्या घरात वाचायचा तो आवाज नव्हे, फाटलेला, म्हाताऱ्याचा.

"होय महाराजा," याकोबमास्तर म्हणाले.